गाठ किती खोल गेली? एका प्रश्नाची दीडशे वर्षं

 

आजचा विषय जरा अवघड आहे, पण आम्ही तो मुद्दाम घेतला. लघवीतून रक्त जाणं. आपल्याकडे बाईच्या लघवीत लाल दिसलं, की घरात ठरलेली उत्तरं तयार असतात. "गरमी झाली असंन, धन्याचं पाणी पी." "पाळीचं असंन." "मुतखडा असंन." बऱ्याच वेळा ते खरंही निघतं. जंतूंची लागण असते, खडा असतो. पण कधीकधी त्या रक्तामागं लघवीच्या पिशवीतली गाठ असते, आणि ती गाठ कर्करोगाची असू शकते. हा रोग बायांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. पण बाईला झाला, तर तो बहुतेक वेळा उशिरा सापडतो, कारण रक्ताला दुसरी कारणं चिकटवायला सोपी असतात.

गाठ सापडली की डॉक्टरांपुढं पहिला प्रश्न उभा राहतो: ही किती खोल गेली? या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता माणसानं जवळपास दीडशे वर्षं घालवली. त्या वाटेवर एमआरआय नावाचं यंत्र आलं. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी आपलं शरीर समजून घेऊ. कमरेच्या वर पाठीकडून दोन किडन्या, म्हणजे मूत्रपिंडं. त्यांतून दोन बारीक नळ्या खाली येतात. त्या लघवीच्या पिशवीत उतरतात, त्या पिशवीला मूत्राशय म्हणतात. तिथून लघवी बाहेर पडते. या सगळ्या वाटेत कुठंही कर्करोग होऊ शकतो. पुरुषांना पिशवीच्या खाली प्रोस्टेटची गाठ असते, तिथंही होतो. बाईच्या पिशवीच्या मागं गर्भाशय आणि योनीमार्ग अगदी लागून असतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पूर्वी डॉक्टरला या पिशवीत काय चाललं आहे ते दिसायचंच नाही. हातानं चाचपायचं, लघवीचा रंग पाहायचा, आणि अंदाज बांधायचा. १८७७ ते १८७९ या काळात जर्मनीच्या माक्स निट्झे या डॉक्टरानं एक नळी बनवली. तिच्या टोकाशी तापून उजळणारी प्लॅटिनमची तार होती, आणि ती तार चटका देऊ नये म्हणून भोवती थंड पाणी फिरवलेलं होतं. त्या उजेडात लघवीची पिशवी आतून दिसली. आज आपण जिला "दुर्बिणीची तपासणी" म्हणतो, तिची ही सुरुवात. पण दुर्बिणीतून भिंतीचा वरचा पृष्ठभागच दिसतो. भिंतीच्या आत काय चाललं आहे ते दिसत नाही.

मग आलं १८९५ साल. हे साल आमच्या गोष्टीत तीनदा येतं.

त्या वर्षी जर्मनीतच विल्हेल्म रॉन्टजेन यांना एक्स-रे सापडला. माणूस न कापता आतलं हाड दिसू लागलं. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकानं डॉक्टरांच्या सभेत सांगितलं, की किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना लघवीच्या पिशवीचा कर्करोग होतो आहे. कामाच्या जागेवरची रसायनं अंगात जातात, लघवीवाटे पिशवीत साठतात आणि तिथं घाव करतात, ही गोष्ट तेव्हापासून जगापुढं आली. आणि त्याच १८९५ साली वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला. पुढं हाच मराठी माणूस भारतातला कर्करोगाचा सर्वांत मोठा संशोधक झाला.

खानोलकरांचं नाव आपण फारसं ऐकलेलं नाही. २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांचा कारभार खानोलकरांकडं होता. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: आपल्या माणसांना कर्करोग होतो तो त्यांच्या कोणत्या सवयींमुळं? तंबाखू कशी खातात, विडी कशी ओढतात, कपडे कसे नेसतात, हे सगळं त्यांनी तपासलं. धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधल्यानं त्या जागी होणाऱ्या कर्करोगावर त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्याबरोबर १९४५ साली लिहिलं. रोग हा आपल्या रोजच्या जगण्यातून येतो, देवाच्या कोपातून नाही, हे त्यांच्या कामानं दाखवलं.

इथं विडीबद्दल एक शब्द. विडी-सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो, तिथून रक्तात, रक्तातून किडनीत आणि किडनीतून लघवीत. ती लघवी पिशवीत तासन् तास पडून राहते. म्हणून लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचं सगळ्यांत मोठं कारण धूम्रपान आहे. खर्रा आणि नस तोंड खराब करतात हे आपल्याला माहीत आहे. विडीनं लघवीची पिशवीही जाते, हे घरातल्या माणसांना सांगा.

त्या काळी अचलपूरच्या माणसाला असा आजार झाला तर काय होतं? आपल्या शकुंतला गाडीनं मूर्तिजापूर गाठायचं, तिथून मोठ्या लाइनची गाडी पकडून मुंबई. परळला पोचल्यावर दुर्बीण होती, एक्स-रे होता. १९२९ पासून शिरेत औषध टोचून लघवीच्या वाटेचा एक्स-रे काढता येऊ लागला होता. त्यात पिशवी पांढरी दिसते आणि गाठ असेल तिथं काळी पोकळी दिसते. म्हणजे गाठ आहे हे कळायचं. पण किती खोल आहे, हे ऑपरेशन करून पाहिल्याशिवाय नक्की कळत नव्हतं.

खोली इतकी महत्त्वाची का? आपल्या मातीच्या घराची भिंत डोळ्यांपुढं आणा. वर सारवण, आत माती-विटांचा जाड थर, पलीकडं अंगण. भिंतीला ओल आली तर आपण काय पाहतो? ओल नुसती सारवणात असेल तर खरवडून पुन्हा सारवलं की झालं. आत विटांपर्यंत गेली असेल तर भिंतीचं काही खरं नाही. लघवीच्या पिशवीची भिंत अशीच आहे. आतून पातळ अस्तर, मग जाड स्नायू, बाहेर चरबी, त्यापलीकडं गर्भाशय नि योनीमार्ग.

१९४६ साली अमेरिकेत जुएट आणि स्ट्राँग या दोन डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीच्या कर्करोगानं गेलेल्या १०७ माणसांच्या शवविच्छेदनाची तपासणी मांडली. गाठ भिंतीत जितकी खोल, तितका रोग बाहेर पसरलेला, हे त्यात उघड झालं. तेव्हापासून डॉक्टर गाठीची पायरी, म्हणजे स्टेज, खोलीवरून मोजतात. अस्तरात किंवा त्याच्या लगेच खाली असेल तर पहिली पायरी. स्नायूत शिरली तर दुसरी. चरबीत गेली तर तिसरी. शेजारच्या अवयवात घुसली तर चौथी.

पहिली आणि दुसरी यांच्यामधली रेघ बाईचं पुढचं आयुष्य ठरवते. गाठ स्नायूच्या अलीकडं असेल तर दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. मग अनेकांना पिशवीत औषध सोडतात. ते औषध म्हणजे बीसीजी. हो, तेच बीसीजी, जे आपल्या बाळाच्या दंडावर टोचतात. १९७६ पासून ते या रोगावर वापरलं जातं. पिशवी वाचते. पण गाठ स्नायूत गेली असेल तर बहुतेक वेळा पूर्ण पिशवी काढावी लागते, किंवा केमो आणि किरणांचा लांब उपचार करावा लागतो. बाईची पिशवी काढताना पुष्कळदा गर्भाशय आणि योनीमार्गाचा पुढचा भागही जातो. म्हणून "किती खोल?" याचं चुकीचं उत्तर फार महाग पडतं. कमी समजलं तर रोग वाढतो, जास्त समजलं तर उगाच अवयव जातो.

त्याच १९४६ साली, अमेरिकेतच, पण डॉक्टरांशी काही संबंध नसलेली एक गोष्ट घडली. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळेत दाखवलं, की मोठ्या लोहचुंबकात ठेवलेल्या पदार्थातल्या हायड्रोजनच्या कणांना रेडिओच्या लहरींनी हलवलं, की ते परत संकेत देतात. १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं. खोली मोजायची गरज आणि खोली पाहायची युक्ती एकाच वर्षी पुढं आल्या, पण एकमेकांना भेटायला त्यांना पुढं कित्येक वर्षं लागली.

आपल्या शरीरात सगळ्यांत जास्त काय आहे? पाणी. आणि पाण्यात हायड्रोजन असतो. १९७१ साली रेमंड डामाडियन या डॉक्टरानं उंदरांवर पाहिलं, की कर्करोगाच्या गाठीचा संकेत आणि निरोगी मांसाचा संकेत वेगळा येतो. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी या संकेतांपासून पहिलं चित्र काढलं. कशाचं? पाण्यानं भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. म्हणजे एमआरआयची सुरुवात पाण्याच्या चित्रानं झाली. इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांनी हे चित्र लवकर निघावं अशी गणितं बसवली.

३ जुलै १९७७ ला डामाडियन यांच्या यंत्रात पहिल्यांदा माणसाचं अंग तपासलं गेलं. आधी ते स्वतः आत बसले, पण अंगानं भरलेले असल्यामुळं जमलं नाही. मग त्यांचा एक सडपातळ विद्यार्थी बसला. छातीचं एक चित्र निघायला जवळपास पाच तास लागले! पुढं २००३ साली नोबेल मिळालं ते लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना. डामाडियन यांना वगळलं, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन राग काढला. मोठ्या माणसांतही मानपानाची भांडणं असतात, बायांनो.

भारतात पहिलं एमआरआय यंत्र १९८६ साली दिल्लीत बसलं. हळूहळू ते मोठ्या शहरांत आलं, मग नागपूरला, अमरावतीला, अकोल्याला. आता तर बेंगळुरूच्या एका कंपनीनं आपल्याच देशात बनवलेलं यंत्र विदर्भातल्या चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसलं आहे.

लघवीच्या पिशवीसाठी या यंत्राचा उपयोग असा. एक्स-रेमध्ये सगळं मऊ मांस सारखंच दिसतं. सीटी स्कॅनमध्येही भिंतीचे थर नीट सुटे होत नाहीत. एमआरआयच्या एका चित्रात लघवी पांढरीशुभ्र दिसते, स्नायूचा थर काळ्या रेघेसारखा दिसतो आणि गाठ करडी दिसते. ती काळी रेघ अखंड असेल तर गाठ अस्तरातच आहे. रेघ तुटली असेल तर ती स्नायूत शिरली आहे. शिरेत औषध देऊन आणि पाण्याची हालचाल पाहून आणखी दोन प्रकारची चित्रं काढतात, तीनही जुळवून पाहतात. २०१८ साली जगभरच्या डॉक्टरांनी यासाठी १ ते ५ गुणांची एक पद्धत ठरवली. १ म्हणजे स्नायूत गेल्याची शक्यता फार कमी, ५ म्हणजे फार जास्त. आता दिल्लीचा डॉक्टर आणि अमरावतीचा डॉक्टर एकच भाषा बोलू शकतात. गर्भाशय आणि योनीमार्ग गाठीपासून सुटे आहेत का, हेही एमआरआयमध्ये दिसतं, त्यामुळं काय वाचवता येईल याचा विचार ऑपरेशनच्या आधीच करता येतो.

इंग्लंडमध्ये अलीकडं एक अभ्यास झाला. स्नायूत शिरलेली गाठ असणाऱ्या रुग्णांना नेहमीच्या वाटेनं योग्य उपचार सुरू व्हायला मधोमध ९८ दिवस लागत होते. ज्यांचा एमआरआय आधी केला, त्यांना ५३ दिवस लागले. या रोगात दीड महिना म्हणजे थोडा वेळ नाही.

पण म्हणून लघवीत रक्त दिसलं की धावत जाऊन एमआरआय काढायचा का? नाही. क्रम समजून घ्या. आधी लघवीची तपासणी, मग सोनोग्राफी, मग दुर्बीण. गाठ दिसली तर एमआरआय, आणि दुर्बिणीतून गाठ काढून तिचा तुकडा प्रयोगशाळेत. कर्करोग आहे की नाही हे शेवटी तुकडाच सांगतो, चित्र नाही. एमआरआय शक्यतो गाठ खरवडण्याच्या आधी काढलेला बरा. खरवडल्यावर तिथं सूज येते आणि सूज गाठीसारखी दिसू शकते, म्हणून नंतर काढायचा तर निदान दोन आठवडे थांबतात. किडनीच्या गाठीसाठी आणि फुप्फुसात रोग गेला का पाहण्यासाठी सीटी स्कॅनच जास्त वापरतात. किडनीची गाठ मोठ्या शिरेत शिरली असेल, बाई गरोदर असेल किंवा सीटीचं औषध चालत नसेल, तेव्हा एमआरआय कामी येतो. घरातल्या पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी मात्र आता तुकडा घेण्याआधीच एमआरआय काढण्याची पद्धत पडली आहे.

आता यंत्रात जायची वेळ आली तर काय करायचं? हे लोहचुंबक फार मोठं असतं. नेहमीच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे तीस हजार पट असते. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं घरीच ठेवा. हृदयात यंत्र बसवलेलं असेल, हाडात सळई असेल, तांबी बसवलेली असेल, पोटुशी असाल, तर आधी सांगा. सोबतच्या माणसानंही लोखंडाची कोणतीही वस्तू आत न्यायची नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला होता. यंत्र बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतं.

आत अरुंद असतं, ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो. कानाला लावायला देतात. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. दुखत नाही, आणि यात एक्स-रेची किरणं नसतात. लघवी करून आल्यावर थोडा वेळ थांबवतात, म्हणजे पिशवी अर्धवट भरते आणि भिंत ताणून नीट दिसते.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी किती आहेत, हे आपल्याला सांगायला नको. किडनी कमजोर असेल तर शिरेतलं औषध देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा. एमआरआयच्या काही जुन्या औषधांमुळं कमजोर किडनीच्या रुग्णांची कातडी आणि सांधे कडक होतात, हे २००६ साली लक्षात आलं. आता सुरक्षित औषधं आहेत, पण आपण सांगितलं नाही तर समोरच्याला कळणार नाही.

पैशाचं काय? जुलै २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, किरणं यांचा तिच्यात समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. एमआरआयचा खर्च त्यात बसतो का, हे तपासणीच्या आधी विचारा, बिल भरल्यावर नाही. सुरुवात आपल्या अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून करा, तिथून पुढची चिठ्ठी घ्या.

कर्करोग झाला की घरात लपवतात, बाईनं काही पाप केलं असं कुजबुजतात. आपल्या यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानंच गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. महाराजांना झाला तो रोग आपल्या माय-बहिणीला झाला तर त्यात लाजायचं काय?

शेवटी बार्शीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली भारतातली खेड्यांसाठीची पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगितली, दिसलं तर दवाखान्यात चला म्हणाले. काही वर्षांत असं दिसलं, की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग असलेल्या बाया आधीपेक्षा लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या. गावात कोणतंही मोठं यंत्र आलं नव्हतं. बाया बोलू लागल्या होत्या, एवढंच.

लघवीच्या पिशवीचंही तसंच होऊ शकतं. म्हणून येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं काढा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. दुखत नसतानाही लघवीतून रक्त गेलं का, एकदाच का असेना? पाळी गेल्यावर लाल डाग दिसला का? जळजळीची गोळी दोन-तीनदा घेऊनही त्रास परत आला का? एकीचंही उत्तर "हो" असेल तर तिला एकटीला पाठवू नका. गटातली एकजण सोबत जा, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि चिठ्ठ्या जपून ठेवा.

पुढच्या वेळी आपण मुतखड्याबद्दल बोलू. तोवर रामराम.